दुखणे एकीकडे, झीज हाडांची

दम्याचा रुग्ण आपल्या श्वासाकडे लक्ष ठेवतो, मधुमेही रक्तातील साखरेकडे, मूत्रपिंडाचा रुग्ण क्रिएटिनिनच्या आकड्याकडे. ज्याचे त्याचे लक्ष ज्याच्या त्याच्या दुखण्याकडे, आणि ते योग्यच आहे. परंतु या साऱ्या आजारांची झळ आणखी एका ठिकाणी पोहोचत असते, तिकडे कोणी पाहत नाही. ते ठिकाण म्हणजे हाडे. हाड झिजताना दुखत नाही, तक्रार करीत नाही. ते एकदम मोडते, आणि तेव्हाच घरातल्यांना त्याची आठवण होते. दीर्घकाळचे कोणतेही दुखणे असलेल्या प्रत्येक व्यक्तीने, ‘माझ्या या आजाराचा आणि या औषधांचा हाडांवर काय परिणाम होतो?’ हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना एकदा तरी विचारावा, एवढेच आजच्या लेखाचे सांगणे आहे.

हाड ही निर्जीव चौकट नव्हे. जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि नवे घडविणाऱ्या पेशी तेथे अखंड काम करीत असतात, आणि साधारण दहा वर्षांत सांगाड्याचा बहुतांश भाग नव्याने बांधला जातो. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत असते. हाडे म्हणजे कॅल्शियमचे पेवच म्हणा ना. हृदयाच्या ठोक्यांसाठी आणि स्नायूंच्या हालचालीसाठी रक्तातील कॅल्शियमची पातळी ठरावीक राहावीच लागते. ती उणी पडली, की शरीर पेव उघडते. उपसा भरण्याहून अधिक होऊ लागला, की हाड आतून पोकळ होत जाते.

या पेवाची किल्ली गळ्यातील पॅराथायरॉइड नावाच्या, भाताच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथींकडे असते. ती बिघडली तर काय होते, याचे वैद्यकाच्या इतिहासातील एक गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील चार्ल्स मार्टेल हा जहाजाचा कप्तान. सहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाची हाडे वारंवार मोडू लागली आणि उंची सुमारे सात इंचांनी घटली. दोष हाडांत नव्हता. या चारांपैकी एका ग्रंथीला गाठ होती, आणि ती गळ्यात नव्हे तर छातीच्या पोकळीत दडलेली होती. सातव्या शस्त्रक्रियेत, 1932 साली, ती सापडली. तथापि मूत्रमार्गातील खड्यांच्या गुंतागुंतीमुळे त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. आज हाच आजार रक्तातील कॅल्शियमच्या साध्या तपासणीतून लक्षात येऊ शकतो. म्हणून वारंवार मुतखडे होत असतील आणि सोबत हाडेही दुखत असतील, तर ही तपासणी झाली आहे का, ते अवश्य पाहावे.

नेहमीच्या आजारांतील धोके

स्टिरॉइडपासून आरंभ करू. 1948 साली फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले. त्याचा परिणाम इतका विलक्षण होता, की 1950 साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या पाठीचे मणके दबू लागतात, हेही पुढे स्पष्ट झाले. झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक वेगाने होते. म्हणून प्रेडनिसोलोनसारखी गोळी तीन महिने किंवा अधिक काळ घ्यावी लागणार असेल, तर हाडांच्या संरक्षणाची चर्चा पहिल्याच भेटीत व्हावी. दम्याच्या पंपातून घेतलेल्या औषधाचा हा धोका गोळ्यांच्या मानाने पुष्कळ कमी असतो. येथे एक इशारा: हाडांच्या भीतीने गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते.

मधुमेहात एक फसगत आहे. टाइप 2 मधुमेहींची हाडांची घनता तपासणीत चांगली दिसते, आणि तरीही हाड मोडण्याचा धोका अधिक असतो. कारण हाडाचे वजन टिकले तरी त्याचा कस उतरतो. त्यात बधिर पावले, मंद दृष्टी आणि साखर उतरल्यावर येणारी भोवळ यांमुळे पडण्याचे प्रसंग वाढतात. पायोग्लिटाझोन या गोळीमुळे स्त्रियांत अस्थिभंगाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. ती चालू असेल तर डॉक्टरांशी बोलावे.

मूत्रपिंडाच्या आजारात ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे काम मंदावते, रक्तात फॉस्फरस साठतो, आणि वर सांगितलेल्या ग्रंथी पेव उपसू लागतात. अशा रुग्णाला ‘हाडांसाठी बरे’ म्हणून शेजाऱ्यांनी सुचविलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या देणे अपायकारक ठरू शकते. येथे मात्रा तज्ज्ञानेच ठरवावी.

आणखी काही नावे ध्यानात असू द्यावीत. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा अधिक झाली तर हाडे झिजतात, म्हणून टीएसएच वेळोवेळी तपासावे. फेनिटॉइन व फेनोबार्बिटोन ही अपस्माराची औषधे ड जीवनसत्त्व घटवितात. प्रोस्टेटच्या आणि स्तनाच्या कर्करोगावरील काही संप्रेरकविरोधी उपचारांनी हाडे झपाट्याने विरळ होतात. पक्षाघातानंतर ज्या बाजूची हालचाल थांबते, त्या बाजूचे हाड अधिक झिजते. पार्किन्सनच्या रुग्णाला तर तोल जाण्याचाच धोका असतो.

दुर्मीळ, पण विसरू नयेत असे

वृद्ध व्यक्तीला कारणाशिवाय पाठदुखी सुरू झाली, हिमोग्लोबिन उतरले आणि थकवा हटेना, तर ‘वयाचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग अशाच रूपाने समोर येऊ शकतो. थॅलेसेमियात मज्जा फुगून हाडे आतून पातळ होतात. वारंवार रक्त चढविल्याने साठलेले लोह संप्रेरकांच्या ग्रंथींना इजा करते, तीही झळ हाडांनाच लागते.

दुसरे उदाहरण हायपोफॉस्फटेशिया या जन्मजात विकाराचे. त्यात अल्कलाइन फॉस्फटेज हा रक्तातील आकडा कमी असतो. अहवालात वाढलेला आकडा सर्वांच्या नजरेत भरतो, उतरलेल्याकडे कोणी पाहत नाही. हाडे ठिसूळ होण्यावर सर्रास दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे या विकारात टाळावी लागतात. लहानपणापासून सहज हाडे मोडणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात निळसर झाक, दातांचे विकार, ऐकू कमी येणे, यांपैकी काही घराण्यात चालत आले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कौटुंबिक इतिहास हा दुर्मीळ आजाराचा पहिला साक्षीदार असतो.

काळजी घेणाऱ्यांसाठी

उंची हे घरबसल्या मिळणारे मोजमाप आहे. दर सहा महिन्यांनी भिंतीवर खूण करून ठेवावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, पाठीला पोक येत असेल, वा किंचित वाकल्यावर पाठीत एकाएकी कळ येऊन ती राहिली असेल, तर मणका दबला असण्याची शक्यता असते. क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस मानतात. परंतु आकडा बरा असूनही उभ्या उंचीवरून पडून खुबा वा मणका मोडला असेल, तर हाडे दुबळी झाली असेच धरावे आणि उपचार सुरू करावेत.

डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधांची यादी न्यावी. त्यात काढे, ‘संधिवातावरील रामबाण’ पुड्या आणि गोळ्याही लिहाव्यात, कारण अनामिक पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल, तर सहा महिन्यांची तारीख चुकवू नये. ते मध्येच थांबविल्यास मणके मोडण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

घरात स्नानगृहातील आधाराचा दांडा, रात्री शौचालयापर्यंतचा मंद दिवा आणि निसटणारे पायपुसणे दूर करणे, ही कामे औषधाइतकीच मोलाची आहेत. आहारात दूध, दही, नाचणी, तीळ आणि पुरेशी प्रथिने असावीत. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र आहार विचारूनच ठरवावा. झेपेल तेवढे चालणे आणि आधार धरून खुर्चीतून उठण्याचा सराव हाडांना काम देतो. काम मिळाले की हाड टिकते.

खुब्याचे हाड मोडलेल्या अनेक वृद्धांना पूर्वीसारखे स्वतंत्र चालणे पुन्हा साधत नाही, आणि त्यांच्याबरोबर घरातल्या आणखी एका माणसाचे दिवस अंथरुणापाशी खिळतात. म्हणून पुढच्या भेटीला साखर, रक्तदाब, श्वास यांबरोबर हाडांची चौकशीही यादीत लिहून न्यावी. तो प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात.