बरोबरीचा हिशेब

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला, ही वार्ता सर्वसामान्य वाचकास नीरस वाटते. कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. मग दोघे इतका वेळ करीत काय होते, असे तो विचारतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडन येथे झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने विचारला गेला. नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन व अमेरिकेचा फॅबियानो कारुआना यांचे बाराही डाव अनिर्णित राहिले. दोघांचे गुणांकन होते २८३५ आणि २८३२! इतक्या तुल्यबळांकडून दुसरी कोणती अपेक्षा करावयाची?

परंतु सर्वच बरोबऱ्या एका तागडीत तोलणे अन्यायाचे आहे. पहिला डाव ११५ चालींचा, सुमारे सात तास चाललेला. सहाव्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कारुआनाकडे एक मोहरे अधिक होते. कार्लसन काही प्याद्यांच्या बळावर तग धरून होता. ८० चालींनंतर बरोबरी झाली. ६८व्या चालीला कारुआनाला विजयाचा मार्ग होता, असे नॉर्वेतील एका महासंगणकाने दाखविले. मात्र त्या मार्गात घोडा आपण होऊन पटाच्या कडेला, जवळजवळ कोंडून घ्यावा लागत होता. असली चाल मानवी बुद्धीला सुचणे दुरापास्तच. यंत्राचे उत्तर समोर ठेवून कारुआनाला चुकीचा ठरविणे म्हणजे उत्तरपत्रिका न उघडता केवळ शेवटची ओळ पाहून गुण देणे होय. कोणता शिक्षक असे करील?

बाराव्या डावाची गोष्ट निराळी. कार्लसनची स्थिती सरस होती, घड्याळातही वेळ अधिक होता; तरीही ३१व्या चालीला त्यानेच बरोबरीचा प्रस्ताव मांडला. कास्पारोव्हनेही त्यावर आश्चर्य व्यक्त केले. येथे प्रेक्षकांचा रोष समजण्यासारखा आहे. तथापि दोष खेळाडूच्या धैर्याचा की नियमांचा? बरोबरीनंतर जलद डाव होणार होते आणि त्यांत कार्लसन वरचढ होता. धोका पत्करण्याचे त्याला कारणच उरले नव्हते. २८ नोव्हेंबरला त्याने जलद डाव ३-० असे जिंकले. त्याचा हिशेब अचूक ठरला.

जलद डाव लढतीपूर्वीच खेळवावेत. म्हणजे त्यांत हरलेल्यास पुढे बरोबरी परवडणार नाही, आणि लढणे त्याला भागच पडेल. २०२१ मध्ये दुबईच्या लढतीसाठी डावांची संख्या बारावरून चौदा झाली. जलद डाव मात्र शेवटीच राहिले.