घर ‘बसणार’ आहे!

‘‘आई, घर पहिली तीन-चार वर्षं थोडं थोडं बसत जाणार आहे...’’ ताई मिनेसोटाहून व्हिडीओ कॉलवर हे बोलली आणि इकडे कोथरूडमध्ये मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘‘शुभ बोल गं जरा! घर कसलं बसतंय?’’

तर झालंय असं, की माझी मावसबहीण आणि जिजू, दोघंही आयटीवाले, तळ्याकाठी लॉग होम बांधतायत. अख्ख्या ओंडक्यांच्या भिंती, आत शेकोटी, बाहेर बर्फ. फोटो बघून मीही फिदा! जिजूंना तर सहा महिन्यांत राहायलाच जायचं होतं. कारण काय, तर १९३० साली कॅनडात शातो माँतेबेलो हे प्रचंड लाकडी हॉटेल चारेक महिन्यांत उभं राहिलं. अहो जिजू, तिथे हजारो कामगार राबत होते. तुमच्याकडे एक सुतार आणि वीकएन्ड!

आता ‘बसण्या’चं. ओलं लाकूड वाळताना जाडीला आटतं, लांबीला जवळजवळ नाहीच. ओंडके आडवे, एकावर एक रचलेले. म्हणजे आटणार ती भिंतीची उंची. आठ फुटी भिंत तीन-चार इंच सहज खाली येते. म्हणून दार-खिडक्यांच्या चौकटीवर मुद्दाम फट सोडतात आणि वरून पट्टी मारून ती झाकतात. नाहीतर भिंतीचा सगळा भार काचेवर! उभे खांब मात्र आहेत तेवढेच राहतात. त्यांच्याशी स्क्रू जॅक लावायचा आणि भिंत उतरेल तसा पान्याने तोही उतरवायचा. भट्टीत वाळवलेले ओंडके कमी बसतात, पण खिसा जास्त बसवतात.

खिशावरून आठवलं. ब्रोशरमधली किंमत बघून दोघांनी बजेट केलं होतं. ती निघाली फक्त लाकडाच्या पॅकेजची. पाया, वायरिंग, बोअर, सेप्टिक टँक, मजुरी सगळं वेगळं. आपल्याकडे कार्पेट आणि सुपर बिल्टअपमध्ये गंडतात ना, तस्संच! त्यात मिनेसोटाच्या उत्तर भागात थंडीत जमीन गोठते, त्यामुळे पाया ६० इंच खाली न्यावा लागतो. वर दर काही वर्षांनी बाहेरून लाकडाला स्टेन मारायचा खर्च आहेच.

मग ताईने हळूच विषय काढला. कोथरूडचा फ्लॅट विकायचा का? फ्लॅट तिच्याच नावावर आहे, पण राहतात मावशी-काका. मावशी म्हणाली, ‘‘तुमचाच आहे, विका की.’’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटं आवरायला काढली. बावीस वर्षांचं सामान हॉलमध्ये. मी गेले तेव्हा ती जुन्या चादरींच्या घड्या घालत होती, माझ्याकडे न बघता.

काका रिटायर्ड पीडब्ल्यूडी इंजिनियर. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. फक्त ताईला म्हणाले, ‘‘ड्रॉइंग पाठव.’’ दोन दिवस चष्मा लावून बसले आणि मग फोन केला. ‘‘चिमणी दगडी आहे ना? ती बसणार नाही. छप्पर बसणार. मग छपराला चिमणीपाशी सरकायला जागा कुठाय?’’ तिकडे शांतता! तिथला पत्रा घट्ट बसवला, तर छप्पर उतरताना तो फाटणार आणि पाणी थेट शेकोटीत. ताईने बिल्डरला विचारलं. नकाशात ते राहूनच गेलं होतं.

त्यानंतर रोज रात्री काका आणि जिजू कॉलवर. वरचा मजला गेला. दगडी चिमणी जाऊन साधी शेगडी आणि सरकत्या जोडाचा धातूचा पाइप आला. घर जवळजवळ निम्म्यावर आलं. फ्लॅट विकणं ‘सध्या तरी’ रद्द. ताईचं तोंड आठवडाभर पडलेलं होतं. वरच्या मजल्यावरची तळ्याकडे उघडणारी खिडकी तिला हवी होती, आणि ते मला अगदी कळतं.

पुढच्या उन्हाळ्यात काका तिकडे जाणार आहेत, जॅक बघायला. मावशीचं अजून ठरत नाही. तिची कपाटं अर्धीच लागली आहेत.