शेवटचा सोबती

सालवड-बोईसरच्या परिसरातून काळदुर्ग अथवा अशेरीगड चढावयास निघालेल्या भटक्या मंडळात चढाओढ असावी काय? अवश्य असावी, परंतु ती कशात असावी, याचा विवेक हवा. मुक्कामी अधिक झाडे कोण ओळखतो, चुलीवर उत्तम पिठले कोण करतो, अशा शर्यतींत हरणाराही पोटभर हसतो आणि पोटभर जेवतो.

गडाच्या चढणीवर मात्र शर्यत नसावी. पुढे धावणाऱ्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याचा घात करतो; मागे पडलेला वाट चुकतो. यावर कोणी म्हणेल, स्पर्धेवाचून ईर्ष्या कशी येणार? तिलाही जागा आहे. 2016 साली नवी मुंबईत प्रस्तरारोहणाची विश्वचषक स्पर्धा झाली. तेथे स्पर्धक कृत्रिम भिंतीवर चढले आणि खाली जाड गाद्या अंथरलेल्या होत्या. डोंगरात अशा गाद्या नसतात.

म्हणून जाणत्या मंडळात एक अनुभवी गडी सर्वांच्या मागे राहतो आणि सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल तीच साऱ्यांची चाल ठरते. माथ्यावर पहिले पाऊल कोणाचे पडले, हे लोक लवकरच विसरतात. शेवटचा सोबती सुखरूप परतला ना, हे मात्र त्याची आई दारात उभी राहून विचारीत असते.