पौंड राखला, बाजार घालवला

ब्रेग्झिटचा विषय निघाला की ब्रिटिशांच्या युरोपविषयीच्या साऱ्या शंका एकाच गाठोड्यात बांधायची सवय आपल्याकडच्या जाणकारांनाही लागली आहे. साम्राज्य गेले तरी पीळ गेला नाही, बेटावरच्या माणसांचा आडमुठेपणा, परक्यांचा तिटकारा, अशी कारणे दिली जातात आणि चर्चा आटोपते. ही कारणे खोटी नाहीत. पण त्या गाठोड्यात विचारपूर्वक मांडलेली एक शंकाही होती आणि काळाने ती खरी ठरवली. सरकारे वेगळी, तिजोऱ्या वेगळ्या आणि चलन तेवढे एक, अशी रचना संकटात कोणाला तारणार आणि मतदाराने जाब विचारायचा तो कोणाला, ही ती शंका. एकचलनाच्या प्रश्नावर ब्रिटन बरोबर होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच २०१६ साली त्या देशाने जे केले ते आम्हाला अधिक खटकते.

ही शंका मुळात हुजूर पक्षाच्या उजव्या कोपऱ्यातली नाही. १९७० साली लक्झेंबर्गचे पंतप्रधान पिएर वेर्नर यांच्या समितीने दहा वर्षांत चलनऐक्य साधण्याचा आराखडा मांडला. पुढच्याच वर्षी केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी त्यावर बोट ठेवले. कॅल्डॉर जन्माने बुडापेस्टचे, विचाराने समाजवादी आणि मजूर सरकारचे सल्लागार. राजकीय ऐक्याच्या आधी चलनाचे ऐक्य लादले, तर त्यातून देशादेशांत असे ताण निर्माण होतील की राजकीय ऐक्यही हातचे जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९७७ मध्ये दुसरे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ डोनाल्ड मॅकडुगल यांच्या समितीने युरोपीय आयोगासाठीच हिशेब करून दाखवला. अगदी आटोपशीर संघराज्य चालवायचे म्हटले, तरी सामायिक अर्थसंकल्प एकूण उत्पन्नाच्या ५ ते ७ टक्के हवा. युरोपचा अर्थसंकल्प तेव्हा १ टक्क्याच्याही खाली होता. १९९२ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विन गॉडली यांनीही तेच लिहिले. गॉडली युरोपविरोधी नव्हते. त्यांना युरोपचे खरेखुरे सरकार चालले असते. त्यांचा आक्षेप होता तो सरकार न उभारता फक्त एक मध्यवर्ती बँक उभारण्याला.

भारतीय वाचकाला हे कळायला जड जाऊ नये. आपला रुपया एक, मुंबईपासून पाटण्यापर्यंत रिझर्व्ह बँकेचे धोरणही एक. तरी हे निभते, कारण वित्त आयोग बसतो आणि केंद्रीय करांतला पैसा राज्यांना वाटून देतो. पंधराव्या आयोगाने राज्यांच्या वाट्यातले १० टक्क्यांहून थोडे अधिक बिहारला दिले, महाराष्ट्राला ६.३ टक्के. महाराष्ट्रात त्यावरून कुरकूर होते, पण देश एक आहे म्हणून ती कुरकुरीवरच थांबते. जर्मन करदाता आणि ग्रीक पेन्शनर यांच्यात असे नाते नव्हते, आणि ते जोडायची तयारीही कोणाची नव्हती. उलट एका देशाच्या कर्जाची जबाबदारी दुसऱ्याने घ्यायची नाही, असे कलमच एकचलनाचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिख्ट करारात घातले गेले.

मार्गारेट थॅचर यांच्याविषयीही थोडे न्यायाने बोलले पाहिजे. १९७५ च्या सार्वमतात त्यांनी युरोपीय समुदायात राहण्याच्या बाजूने प्रचार केला होता. एकसंध बाजारपेठेचा आराखडा त्यांनीच ब्रुसेल्सला पाठवलेल्या आर्थर कॉकफिल्ड यांनी १९८५ मध्ये तयार केला, त्यात जवळजवळ ३०० उपाययोजना होत्या. ती बाजारपेठ प्रत्यक्षात यावी म्हणून १९८६ च्या करारात अनेक विषयांवरचा नकाराधिकार सोडायलाही बाई तयार झाल्या. २० सप्टेंबर १९८८ च्या ब्रूजमधल्या भाषणाचा पुढे झेंडा करण्यात आला, पण त्या भाषणात ब्रिटनचे भवितव्य युरोपातच आहे असेही त्यांनी ठामपणे सांगितले होते. ब्रुसेल्समधून कारभार चालवणारे महाराज्य नको, राष्ट्रांनी राष्ट्रे म्हणून सहकार्य करावे, एवढे त्यांचे मागणे होते. बाजार हवा, राज्य नको. ही भूमिका पटो न पटो, तिला विचाराचा आधार होता.

पुस्तकातली शंका घराघरांत पोचली ती १९९० ते १९९२ या दोन वर्षांत, आणि या दोन वर्षांकडे युरोपातल्या फार थोड्या राजकारण्यांनी नीट पाहिले. ८ ऑक्टोबर १९९० रोजी पौंड युरोपच्या विनिमयदर यंत्रणेत शिरला. दर ठरला एका पौंडाला २.९५ जर्मन मार्क, वर-खाली ६ टक्क्यांची मुभा. ब्रिटनमध्ये तेव्हा महागाई १० टक्क्यांच्या वर होती आणि मंदीची सुरुवात झाली होती. त्याच सुमारास दोन जर्मनी एक झाले. एकीकरणाचा प्रचंड खर्च आणि त्यातून उठणारी महागाई आवरण्यासाठी बुंडेसबँक या जर्मन मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढे ठेवले. १९९२ च्या जुलैत तर तिचा एक प्रमुख दर ८.७५ टक्क्यांवर गेला. जर्मनीच्या दृष्टीने ते योग्यच होते. ब्रिटनला त्याच वेळी नेमके उलटे औषध हवे होते, पण मार्कशी बांधलेला पौंड सांभाळायचा तर व्याज फारसे उतरवता येईना.

ब्रिटनमधली घरकर्जे तेव्हा बहुतांशी बदलत्या व्याजदराची असत. दर चढला की पुढच्याच हप्त्यात तो संसाराला जाणवे. १९९१ या एका वर्षात सुमारे ७५ हजार घरे हप्ते थकल्यामुळे कर्ज देणाऱ्या संस्थांनी ताब्यात घेतली. त्या कुटुंबांना सार्वभौमत्वाची व्याख्या कोणी समजावून द्यायची गरज उरली नाही.

मग १६ सप्टेंबर १९९२ चा बुधवार उजाडला. सकाळी अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी व्याजदर १० वरून १२ टक्के केला. दुपारी दुसऱ्या दिवसापासून तो १५ टक्के होईल अशी घोषणा झाली. बँक ऑफ इंग्लंड गंगाजळी ओतत राहिली, पौंड घसरत राहिला, आणि संध्याकाळी ब्रिटन यंत्रणेबाहेर पडला. या पडझडीत जॉर्ज सोरोस यांनी सुमारे १ अब्ज डॉलर कमावले, आणि आजही ही गोष्ट सोरोस यांच्या चलाखीची म्हणून सांगितली जाते. सट्टेबाजांनी धक्का दिला हे खरे, पण भिंत आधीच कलली होती. पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. जानेवारी १९९३ पर्यंत व्याजदर ६ टक्क्यांवर आला, पौंड स्वस्त झाला, निर्यात सावरली आणि दीर्घ वाढीचा काळ सुरू झाला. अब्रू गेली, अर्थव्यवस्था उभी राहिली. हुजूर पक्षाला मात्र मतदारांनी त्या बुधवारची माफी दिली नाही. १९९७ मध्ये त्याचा धुव्वा उडाला.

त्याआधी पंतप्रधान जॉन मेजर यांनी मास्ट्रिख्टच्या वाटाघाटींत एक मोलाची गोष्ट पदरात पाडून घेतली होती: करारात राहूनही एकचलनात न येण्याची मुभा. पुढे टोनी ब्लेअर यांचा ओढा युरोकडे होता, पण अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी पाच कसोट्या लावल्या आणि जून २००३ मध्ये १८ अभ्यास प्रसिद्ध करून निर्णय सांगितला की अजून नाही. बदलत्या दराच्या घरकर्जांचा मुद्दा त्या विचारात होता. इतक्या मोठ्या प्रश्नावर घोषणा बाजूला ठेवून असा कागदोपत्री विचार करणारे सरकार विरळाच, आणि त्याचे श्रेय ब्राऊन यांना द्यायला हवे.

त्यानंतरचा युरोचा इतिहास कॅल्डॉर यांनी आखून दिल्यासारखा घडला. २००३ ते २००५ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर २ टक्के होता. मरगळलेल्या जर्मनीला तो मानवला. स्पेन आणि आयर्लंडमध्ये त्याच स्वस्त पैशाने घरबांधणीचा फुगा फुगवला. तो फुटल्यावर या देशांपाशी ना स्वतःचा व्याजदर, ना अवमूल्यनाची सोय. ग्रीसची अर्थव्यवस्था जवळजवळ एक चतुर्थांशाने आक्रसली, २०१३ मध्ये तिथली बेकारी २७ टक्क्यांवर गेली, तरुणांमध्ये तर निम्म्याहून अधिक. शांततेच्या काळात युरोपातल्या एखाद्या देशाने इतके सोसावे, हे कुठल्याही युरोपप्रेमी माणसाच्या काळजाला लागले पाहिजे.

आकड्यांपेक्षाही वाईट होते ते लोकशाहीचे आकुंचन. ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस ग्रीसचे पंतप्रधान पापान्द्रेऊ यांनी सार्वमत घेऊ म्हटले; काही दिवसांत ते सार्वमतही गेले आणि त्यांचे पदही. त्यांच्या जागी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी उपाध्यक्ष लुकास पापादेमोस बसले. त्याच नोव्हेंबरात इटलीत माजी युरोपीय आयुक्त मारिओ मोंती पंतप्रधान झाले, निवडणुकीशिवाय. जुलै २०१५ मध्ये ६१ टक्के ग्रीक मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या आणि आठवडाभरात त्यांच्या सरकारला त्याहून फारशा सौम्य नसलेल्या अटी मान्य कराव्या लागल्या. मत देऊन काय बदलते, या प्रश्नाला अथेन्सच्या मतदारापाशी उत्तर राहिले नाही.

ब्रिटनलाही २००८ च्या आर्थिक संकटाचा फटका कमी बसला नव्हता. तिथल्या मोठ्या बँका बुडता बुडता वाचल्या, आणि २०१० नंतर खर्चकपातीचा कठोर मार्ग तिथल्या सरकारने आपण होऊन धरला. पण पौंड जवळजवळ एक चतुर्थांशाने उतरू शकला, बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणला, आणि चुका झाल्या त्या स्वतःच्या संसदेत झाल्या, जिथे त्यांचा जाब विचारता येत होता. बेकारी साडेआठ टक्क्यांच्या आसपास थांबली. स्पेनमध्ये ती २६ टक्क्यांवर पोचली होती.

इथपर्यंत ब्रिटनची बाजू भक्कम होती. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी ती सोडून दिली, आणि याबद्दल आम्हाला मनापासून खेद वाटतो. ज्या शंकेला आधार होता तिचे निरसन आधीच झाले होते. ब्रिटन युरोत नव्हता, शेन्गेनच्या सीमामुक्त क्षेत्रात नव्हता, १९८४ पासून त्याला वर्गणीतला मोठा हिस्सा परत मिळत होता, आणि २०१६ च्याच फेब्रुवारीत पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ‘अधिकाधिक घट्ट ऐक्या’च्या बांधिलकीतूनही सूट मिळवली होती. थॅचर यांना जे हवे होते ते जवळजवळ सारे हाती होते. प्रचारात मात्र आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रुसेल्सला जातात असे बसवर रंगवून फिरवले गेले. हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे ब्रिटनच्याच सांख्यिकी प्राधिकरणाने सांगूनही तो फिरत राहिला. चलनाच्या भीतीपोटी बाजार सोडला गेला, तोही ब्रिटनने स्वतः घडवलेला. सरकारी खर्चावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे दीर्घकाळात देशाची उत्पादकता त्यामुळे ४ टक्क्यांनी कमी राहील. हा भार उचलणाऱ्यांत एकचलनाच्या वादाशी काहीही संबंध नसलेले छोटे निर्यातदार आणि मच्छीमारही आहेत.

युरोपनेही यातून घ्यायला हवे तेवढे घेतलेले नाही. २०१२ मध्ये संकटनिधी उभा राहिला, बँकांवरची देखरेख एका छत्राखाली आली, २०२० मध्ये महासाथीच्या निमित्ताने ७५० अब्ज युरोंचा सामायिक कर्जातून उभारलेला निधीही आला. पण तो तात्पुरता म्हणूनच मान्य झाला. युरोपीय महासंघाचा नेहमीचा अर्थसंकल्प आजही सदस्यांच्या एकूण उत्पन्नाच्या १ टक्क्याभोवतीच आहे. मॅकडुगल यांचा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहतो आहे, आणि तो आग्रहाने विचारणारा मोठा सदस्य आता महासंघात नाही.

ब्रिटनमध्ये आता परत जाण्याची भाषा ऐकू येऊ लागली आहे. ज्यांना ती सोपी वाटते त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मेजर यांनी मिळवलेली मुभा जुन्या सदस्यत्वाबरोबर संपली. उद्या ब्रिटन नवा सदस्य म्हणून दारात उभा राहिला, तर नव्या सदस्यांना लागू असलेला नियमच त्याच्यापुढे ठेवला जाईल, आणि त्या नियमात युरो स्वीकारण्याची बांधिलकी आहे.