तळ्याकाठची नवी पिढी

पाणपक्षी पाहावयाचे ते हिवाळ्यात, असा एक समज आपल्याकडे दृढ झाला आहे. मार्गशीर्ष-पौषात नांदूर मधमेश्वर, जायकवाडी, उजनी या जलाशयांच्या काठी दुर्बिणी घेतलेल्या हौशी मंडळींची गर्दी होते, वृत्तपत्रांतून परदेशी पाहुण्यांची छायाचित्रे झळकतात, आणि फाल्गुनात पाहुणे उत्तरेकडे परतू लागले की दुर्बिणी पेटीत जातात. पाणपक्ष्यांची शिरगणतीही जानेवारीतच होते. १९८७ पासून भारतीय उपखंडात चालत आलेल्या या गणनेचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही, ती म्हणजे येथेच जन्मणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले. पक्षी किती आहेत हे आपल्याला थोडेबहुत कळते. ते पुढेही राहणार आहेत किंवा नाहीत, हे मात्र कळत नाही.

या दुर्लक्षाला काही अंशी आपले पुस्तकी शिक्षण कारणीभूत आहे. इंग्रजी ग्रंथांत पिल्लांचा ऋतू म्हणजे वसंत. इंग्लंडात ते यथार्थच आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथील तळ्यांतून आणि कालव्यांतून बदकीण पिल्लांची रांग घेऊन निघते व आबालवृद्ध काठावर उभे राहून ती पाहतात. आपल्याकडे हिवाळा घालविणारे तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हेही वसंताच्या सुमारास विणीसाठी उत्तरेची वाट धरतात. पट्टकदंब तर लडाख-तिबेटातील उंच सरोवरांकाठी अंडी घालतो. परंतु महाराष्ट्रातला वसंत हा तळी आटण्याचा काळ. चैत्र-वैशाखात ज्या तळ्याच्या तळाला भेगा पडतात, तेथे पिल्ले वाढवावयाची कोणी? पिल्लांना भरपूर अन्न मिळेल अशा बेताने पक्षी आपली वीण साधतात. येथे ती वेळ मृगाच्या सरींनंतर येते. आषाढापासून आश्विनापर्यंत, आणि पाऊस लांबला तर त्यापुढेही, आपल्या तळ्यांवर पाळणे हलत असतात. दुर्दैवाने नेमक्या त्याच काळात पाहणारा कोणी तेथे नसतो.

वास्तविक या ऋतूत पाहण्यासारखे किती आहे! चोचीच्या पिवळ्या टोकामुळे आणि तिच्या मुळाशी असलेल्या लाल ठिपक्यांमुळे ज्याला आपल्या लोकांनी हळदीकुंकू हे सुरेख नाव दिले, ते बदक काठच्या गवतात घरटे करते. अडई आणि काणूक ही बदके झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. उडता न येणारी त्यांची पिल्ले थेट ढोलीतून खाली उडी टाकतात आणि पाण्याकडे चालू लागतात. टिबुकली तरंगत्या पाणवनस्पतींचे घरटे बांधते, ते सोडून जाताना अंडी शेवाळाने झाकते आणि पुढे पट्टेदार डोक्याची पिल्ले पाठीवर घेऊन पोहते. कमळपक्ष्यांत अंडी उबविणे व पिल्ले सांभाळणे ही जबाबदारी नराची. मादी अंडी घालून मोकळी होते. कपाळावरील पांढऱ्या टिळ्यामुळे वारकरी म्हटला जाणारा काळा पक्षी आपणांस परिचित आहे. पण त्याची पिल्ले लालसर डोक्याची असतात, हे किती जणांनी पाहिले असेल?

पिल्ले पाहणे ही केवळ कौतुकाची बाब नव्हे. बदकाचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर दिवसा-दोन दिवसांत घरटे सोडते, पण त्याला पंख फुटावयास जवळजवळ दोन महिने लागतात. या अवधीत ते आकाशात निसटू शकत नाही. पहिले काही आठवडे त्याला दाणा नव्हे, तर पाण्यातले किडे लागतात. आणि हे किडे खोल पाण्यात नसून उथळ, गवताळ काठाशी असतात. म्हणजे हिवाळी पाहुण्याला मोकळे पाणी पुरते, पिल्लाला काठ लागतो. म्हणूनच तळ्यावर हजार बदके उतरली म्हणून ते तळे निरोगी ठरत नाही. श्रावणात एका बदकिणीमागे नऊ पिल्ले दिसली आणि भाद्रपदात त्यांतली किती उरली, यावरून त्या तळ्याची प्रकृती अधिक खात्रीने कळते.

नेमका हा काठच आपण नाहीसा करीत चाललो आहोत. शहरांतून तलावांचे सुशोभीकरण म्हणजे सभोवती उभी दगडी वा काँक्रीटची भिंत, तिच्यावर फरसबंद वाट आणि विजेचे दिवे, असे समीकरण होऊन बसले आहे. अशा भिंतीवर पिल्लू चढू शकत नाही आणि तिच्या कडेला गवत उगवत नाही. ग्रामीण भागात तलावांतील गाळ काढण्याचे काम चालते. ते आवश्यकच आहे. साठा वाढतो आणि शेताला सुपीक माती मिळते. परंतु यंत्राने तलाव सर्व बाजूंनी सारखाच खोल व उभ्या कडेचा खणला, की पाणी वाढते आणि काठ मरतो. भातखाचरांतील कीटकनाशकांची भर त्यात वेगळीच.

कायदा या बाबतीत अर्धाच उपयोगी पडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे, इतकेच नव्हे तर त्यांना उपद्रव देणे, हेही शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. मात्र घरट्याला आश्रय देणाऱ्या जागेचे काय? पाणथळ जागांच्या रक्षणासाठी २०१७ साली केलेल्या केंद्रीय नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी व मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत, भातशेतीही वगळली आहे. महाराष्ट्रात तर बहुतेक तळी माणसानेच बांधलेली! खुद्द नांदूर मधमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमाजवळील सिंचनाच्या बंधाऱ्यामुळे निर्माण झाले. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० साली त्याचा गौरव झाला. ज्या प्रकारच्या जलाशयाला आंतरराष्ट्रीय मान मिळतो, त्याच प्रकारच्या शेकडो लहान जलाशयांना सर्वसाधारण नियमाचेही छत्र नसावे, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

तलाव शेतकऱ्यांसाठी व मच्छीमारांसाठी आहेत, बदकांसाठी नव्हेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. तलाव माणसांसाठीच आहेत. पण ज्या उथळ गवतात बदकाची पिल्ले वाढतात, त्याच गवतात पावसाळ्यात अनेक देशी माशांची पिल्लेही आसरा घेतात. मच्छीमाराचे हित आणि पाणपक्ष्याचे हित यांत वाटते तेवढे वैर नाही. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांवर याचा प्रत्यय आला आहे. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभ्या राहिलेल्या या जुन्या तलावांपैकी अनेकांना बेशरमीच्या झुडुपांनी वेढले होते. भंडारा-गोंदिया भागात ढीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी ती झुडुपे उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि त्यांतून देशी मासळीला व पाणपक्ष्यांना पुन्हा थारा मिळू लागला. हे काम करणाऱ्यांची पोटे त्या पाण्यावरच अवलंबून होती, हे विसरता कामा नये.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे आषाढ ते आश्विन या काळात पिल्लांची पद्धतशीर गणना सुरू करावी. तिला मोठा खर्च नाही. गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांनी आपापले एक तळे निवडावे, दर आठवड्यास एकाच वेळी तेथे जावे, कोणत्या पक्ष्याजवळ किती पिल्ले दिसली ते वहीत लिहावे आणि चार-पाच वर्षे हा क्रम मोडू नये. सकाळची वेळ उत्तम. काठापासून दूर, झाडाच्या आडोशाने स्वस्थ उभे राहिले तर पिल्ले आपण होऊन गवताबाहेर येतात. मादी पंख मोडल्याचे सोंग करून फडफडू लागली, किंवा सारखी ओरडू लागली, तर आपण फार जवळ आलो असे समजून माघारी फिरावे. छायाचित्रासाठी घरट्यापाशी जाणे, गवत बाजूला सारणे, एकटे दिसलेले पिल्लू दया येऊन घरी आणणे, हे सर्व कटाक्षाने टाळावे. माणसाने तुडविलेल्या वाटेने कुत्रे येतात आणि माणसाने उघडे पाडलेले घरटे कावळ्याच्या नजरेतून सुटत नाही. पिल्लाची आई बहुधा जवळच दडलेली असते.

दुसरी गोष्ट शासनाने व नगरपालिकांनी करावयाची आहे. गाळ काढताना अथवा सुशोभीकरण करताना प्रत्येक तलावाचा निदान एक काठ उताराचा, गवताचा व माणसांच्या वर्दळीपासून मुक्त ठेवण्याची अट निविदेतच घातली पाहिजे. गाळाचे काम पावसापूर्वी संपले पाहिजे. गणेश विसर्जन नेमके उशिरा जन्मलेल्या पिल्लांच्या काळात येते. त्यासाठी वेगळे हौद बांधण्याची प्रथा अनेक शहरांत पडली आहे, ती लहान गावांपर्यंत पोचविणे कठीण नाही.

यांतील कोणत्याही सूचनेसाठी धरण थांबवावे लागत नाही की कोणाची जमीन घ्यावी लागत नाही. प्रत्येक तळ्याचा एक काठ सोडावा लागतो आणि पावसाळ्यातल्या काही सकाळी द्याव्या लागतात. दुरून येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत आपण करतो, ते योग्यच आहे. परंतु घरात जन्मलेल्यांची नोंद ठेवणे हे घरधन्याचे पहिले कर्तव्य असते. येत्या आषाढापासून त्याला आरंभ व्हावा.