लस, प्रतिपिंडे आणि परिचारिका

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातील एका शाळकरी मुलीच्या रूपाने देशात स्वाइन फ्लूचा पहिला बळी गेला. पुढील वर्षी केंद्र शासनाने परदेशी लस प्रथम डॉक्टर, परिचारिका आदींसाठी राखून ठेवली. परंतु त्यांतील अनेकांनीच ती टाळली. लस घाईने बनविली, ही शंका त्यामागे होती. वस्तुतः एकाच डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार होतात, हे तेव्हाच्या चाचण्यांतून दिसले होते. रक्तद्रव चाळीसपट विरळ करूनही विषाणूला अटकाव करीत असेल, तर ते प्रमाण समाधानकारक मानतात. मात्र हे चिलखत नव्हे! त्यामुळे संसर्गाची शक्यता सुमारे निम्म्याने घटते, इतकेच. आणि काही महिन्यांत हे प्रमाणही उतरू लागते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जुलै २०१० मध्ये आणलेली नाकात फवारण्याची लस तर रक्तातील प्रतिपिंडे फारशी वाढवीत नाही; तिचे कार्य मुख्यतः नाकाच्या अस्तरात चालते. केवळ रक्ततपासणीवरून तिला नापास ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पण हे सारे परिचारिकांना त्या वेळी कोणी नीट समजावून सांगितले होते काय? आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली या सेवेत आहेत. २०१५ साली हाच विषाणू पुन्हा उसळला, तेव्हाही रुग्णांच्या उशाशी परिचारिकाच उभ्या होत्या.