आरोग्य विम्यातील उणिवा आणि पूरक विमा

घरातील एक व्यक्ती गंभीर आजारी पडली की वर्षानुवर्षे साठवलेली पुंजी काही दिवसांत संपते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. आज अनेक कुटुंबांकडे आरोग्य विमा आहे. तरीही रुग्णाला घरी आणताना हजारो रुपये, कधी लाखही, पदरचे भरावे लागतात. असे का व्हावे?

विम्यातील उणिवा दोन प्रकारच्या असतात. पहिली रकमेची. दहा वर्षांपूर्वी पुरेसा वाटलेला तीन लाखांचा विमा आज एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेलाही अपुरा पडतो. नोकरीतील सामूहिक विमा तर बहुधा निवृत्तीबरोबरच संपतो. दुसरी उणीव अटींची: खोलीभाड्याची मर्यादा, ठराविक उपचारांवरील कमाल रक्कम, खर्चातील रुग्णाचा हिस्सा.

रकमेची उणीव 'टॉप-अप' किंवा 'सुपर टॉप-अप' विम्याने भरून निघू शकते. ठराविक मर्यादेपलीकडचाच खर्च त्यात मिळतो. म्हणून त्याचा हप्ता तुलनेने कमी असतो. मात्र दोहोंतील फरक जाणून घ्यावा. समजा, मूळ विमा तीन लाखांचा आहे आणि पूरक विम्याची मर्यादाही तीन लाखांचीच आहे. एकाच वर्षात रुग्णाला दोनदा दाखल करावे लागले व प्रत्येक वेळी अडीच लाख खर्च आला. मूळ विम्यातून तीन लाख मिळतील. दोन लाख उरतील. साधा टॉप-अप प्रत्येक बिल स्वतंत्रपणे पाहतो. एकही बिल तीन लाखांवर गेलेले नसल्याने तो काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च धरतो. तो उरलेले दोन लाख देऊ शकेल.

गंभीर आजाराच्या विम्यात, यादीतील आजाराचे निदान होऊन अटी पूर्ण झाल्यावर ठराविक रक्कम एकदम मिळते. रुग्णालय रोख भत्ता दाखल असलेल्या दिवसांचा असतो. हातावर पोट असलेल्यांची बुडालेली मजुरी त्यातून काही अंशी भरून निघते.

तथापि, अटींमुळे झालेली कपात पूरक विमा भरून देईलच, असे समजू नये. आधीच्या आजारांसाठी त्यालाही प्रतीक्षाकाळ असतो. एप्रिल २०२४ पासून ही कमाल मुदत ४८ वरून ३६ महिन्यांवर आली आहे. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे.

आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी दगा देतो. म्हणून अर्जात खरी माहिती द्यावी आणि निवृत्तीची वाट न पाहता, प्रकृती ठीक असतानाच हा निर्णय घ्यावा. आज संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून आपली पॉलिसी एकदा वाचावी, एवढेच आमचे सांगणे आहे. उणीव कोठे आहे हे कळल्याखेरीज ती भरता येत नाही.